दारू सोडल्याबद्दल

आमच्या घरातला इसबगोलचा डबा फार लवकर रिकामा होऊ लागला होता. सासूबाई घेत नाहीत, मी घेत नाही. राहिला अभिमन्यू. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, अंधूक उजेडातही, माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या दिसत. खरं तर अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी. मी औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. बद्धकोष्ठ आणि बारीक बाहुल्या एकत्र दिसल्यावर अफूच्या जातीच्या, दुखणं मारणाऱ्या गोळ्यांचा संशय घ्यायचा, हे मला ठाऊक होतं.

पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दारू सुटली त्याच सुमाराला त्याची पाठ धरली आणि डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या वाढत गेल्या. एका मेडिकलमध्ये चिठ्ठी मागू लागले की तो दुसरं शोधायचा. विचारलं तर म्हणायचा, औषध आहे ते, व्यसन नाही. एका रविवारी त्यानं गोळीशिवाय राहून पाहिलं. दुपारपर्यंत घामानं भिजला, नाक-डोळे वाहू लागले, पाय एका जागी ठरेनात. सासूबाईंना वाटलं ताप आहे. त्यांनी कषाय, म्हणजे काढा, उकळून दिला. संध्याकाळी त्यानं गोळी घेतली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. एकदम बंद करू नका, दाखल व्हा, असं त्या म्हणाल्या. अभिमन्यू सरी म्हणाला, ठीक आहे. पण आईला सांगायचं कसं? तिच्या लेखी मुलगा व्यसनातून सुटला होता, तिनं नवसही फेडला होता. दसरा होऊ दे, ही ऑर्डर जाऊ दे, असं करत दिवस गेले.

अशात समाजाच्या मंडळाचे खंडोजीअण्णा घरी आले. वार्षिक सभेत दारू सोडल्याबद्दल अभिमन्यूला शाल द्यायचं ठरलं होतं. त्यानं तरुण पोरांसमोर स्वल्प बोलायचंही होतं. सासूबाई लगबगीनं कॉफी घेऊन आल्या. अण्णांनी त्यांना चिडवलं, की सकवारक्का, पोराची मिरवणूक काढतो, पुढं तुम्ही नाचायचं.

"नाचते की. गुडघे तेवढे तुमचे द्या," सासूबाई म्हणाल्या.

अण्णा हसले. मग आवाज उतरवून सांगू लागले, की कृष्णमूर्तींचा थोरला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे तो, कसल्याशा गोळ्यांच्या नादी लागलाय. त्याला सभेत पुढच्या रांगेत बसवणार होते. अभिमन्यूकडे बघून तरी सुधारेल.

"दुखण्यावरच्याच म्हणे," अण्णा म्हणाले. "आई आपली सांगत फिरते, औषध घेतो म्हणून."

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "पोटच्या पोराचं दिसत नाही होय तिला?"

मी बोलू शकले असते. पण नवऱ्याच्या तोंडचं तुम्ही बोलू नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी दाराशी उभी राहिले.

अभिमन्यूनं कॉफीचा पेला खाली ठेवला.

"आई, तिचा मुलगा लपवत असेल. मी लपवलं तसं," तो म्हणाला. "त्याच गोळ्या मीही घेतो. शाल नको, अण्णा. सोमवारी मी दवाखान्यात दाखल होतोय."