मी बंद पडले तो गुरुवार

मी एक जुने डिझेल इंजिन आहे. पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, दोन बाजूंना दोन जड चाके असलेले. मित्रांनो, मला नुसते भंगार समजून पुढे जाऊ नका. थांबा जरा! माझ्याकडे सांगण्यासारखे इतके आहे की कुठून सुरुवात करू, असे मला झाले आहे.

१९६२ साली मी कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा माझ्या अंगावरचा हिरवा रंग नीट वाळलाही नव्हता. मोशीच्या एका शेतकऱ्याने मला विहिरीवर बसवले. हँडल मारले की मी आधी दोनदा खोकायचे आणि मग असे काही सुरू व्हायचे की बाभळीवरची पाखरे उडून जायची. माझ्या पाण्यावर नऊ वर्षे कांदा पिकला. पुढे विहिरीवर विजेची मोटार आली आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. एकीने तर माझ्या चाकाखाली अंडी घातली. मला भयंकर राग यायचा, पण हँडलच कोणी मारत नव्हते, तर करणार काय?

आणि मग १९७४ साली उद्धवराव आले!

उद्धवराव मूळचे बार्शीकडचे. आधी ते एका मोठ्या कंपनीत टर्नर होते, लेथवर पोलाद कातायचे. नोकरी सोडून त्यांनी भोसरीला पत्र्याची छोटी शेड टाकली होती. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीन कामगार. त्यातला खंडू भोसरी गावातलाच, पन्नाशीचा. एका स्कूटर कंपनीला लागणाऱ्या पोलादी पिना तिथे तयार व्हायच्या. त्या काळात वीज कमी पडत असे, म्हणून आमच्या भागातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असे. रविवारी काम आणि गुरुवारी सगळे बंद. उद्धवरावांनी मनाशी म्हटले, सगळे थांबतात त्या दिवशी आपण चाललो तर आपण पुढे जाऊ. म्हणून त्यांनी मला आणले.

तो पहिला गुरुवार मी कधीही विसरणार नाही. आजूबाजूच्या साऱ्या शेडना कुलपे. रस्त्यावर कुत्रेसुद्धा निवांत झोपलेले. उद्धवरावांनी बाह्या सरसावल्या, मी तापू नये म्हणून माझ्या टाकीत स्वतः दोन बादल्या पाणी ओतले आणि हँडल फिरवले. मी खोकले, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागले! छताखालचा लांब दांडा फिरला, पट्टे पळू लागले, दोन्ही लेथ जाग्या झाल्या. खंडू म्हणाला, मालक, ह्ये तर लईच बेस झालं. उद्धवरावांनी माझ्या अंगावर थाप मारली. तीन वर्षे कोंबड्या सोसलेल्या इंजिनाला त्या थापेने काय वाटले असेल, तुम्हीच सांगा.

पुढे माझे नावच 'गुरुवारचा राजा' पडले. शेजारचे कारखानदार मला बघायला येत. वेळेवर माल देणारे म्हणून उद्धवरावांचे कंपनीत नाव झाले. आणि माझे कौतुक म्हणाल तर विचारू नका. कासारवाडीचे मेकॅनिक अन्वरभाई दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी येऊन माझे तेल बदलत, माझ्या नळ्या साफ करत. उद्धवराव या बाबतीत फार कडक होते. कामगारांच्या पाळ्या लागत, आज हा सुट्टीवर तर उद्या तो. मला सहा दिवस विश्रांती. सुट्टी नव्हती ती फक्त एकाच माणसाला, आणि ते मला चार वर्षांत एकदाही सुचले नाही. मी आपले धडधडण्यात खूश.

मित्रांनो, आता माझी चूक कबूल करते. मला खुणा दिसत होत्या.

पूर्वी उद्धवराव पीन हातात घेत ती आंबा पारखल्यासारखी. आता तीच पीन ते तीन-तीनदा मोजत आणि माप विसरत. इंदुताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुपारी डबा घेऊन येत, तो संध्याकाळी तसाच परत जाई. खंडूने एकदा साधे विचारले की पट्टा ढिला झालाय का, तर उद्धवराव त्याच्यावर असे खेकसले की तो गडी डबा घेऊन बाहेर जाऊन बसला. पण सगळ्यात मोठी खूण निराळीच होती. त्या दिवाळीत कंपनीने दुप्पट ऑर्डर दिली. कामगारांनी पेढे आणले. मी तर आनंदाने दोन फेरे जास्तच मारले असतील! उद्धवरावांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि पुन्हा लेथवर गेले. पेढा तसाच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या. मला वाटले, दमले असतील. उद्या ठीक होईल.

उद्या ठीक झाले नाही. १९७८ च्या मार्चमधला दुसरा गुरुवार उजाडला. भरलेल्या दोन बादल्या माझ्या शेजारी होत्या. उद्धवरावांनी त्यांच्याकडे पाहिले. अगदी सरळ पाहिले. आणि पाणी न ओतताच हँडल मारले.

मी सुरू झाले. अर्ध्या तासात माझे अंग भाजू लागले. मला ओरडता येत नाही, म्हणून मी धूर सोडला, खडखडले, वास सोडला. कामगार अजून आले नव्हते. उद्धवराव समोरच होते आणि त्यांना काही दिसत नव्हते. शेवटी आतला पिस्टन जागच्या जागी चिकटला आणि एक मोठा दणका देऊन मी बंद पडले. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग मात्र उद्धवराव धावले आणि त्यांनी बादली उचलली.

"बादली खाली ठेवा!" दारातून अन्वरभाई ओरडले. तेल बदलायला ते नेमके तेव्हाच पोचले होते. "तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकाल तर वरच्या हेडला तडा जाईल. मग माझ्याच्याने काही व्हायचं नाही. आधी निवू द्या त्याला."

उद्धवरावांनी बादली ठेवली आणि ते पालथ्या खोक्यावर बसले.

"अन्वरभाई, खरं सांगू?" ते म्हणाले. "हे बंद पडलं तेव्हा मला बरं वाटलं."

"असं कधीपासून वाटतंय?"

"दिवाळीपासून. ऑर्डर आली तरी काही वाटत नाही, गेली तरी वाटणार नाही. सकाळी चपला घालायच्या म्हटलं तरी जिवावर येतं. शेड विकून टाकतो. चिंचवडचे आबाजी मागतायत. परत नोकरी धरतो."

आबाजींची आमच्याच रस्त्यावर एक शेड होती. त्यांना जागा वाढवायची होती. ही शेड उद्धवरावांनी पत्रा पत्रा जोडून उभी केली होती.

अन्वरभाईंनी माझ्या अंगाजवळ हात नेऊन पाहिला आणि चटकन मागे घेतला. मग म्हणाले, "आज काही विकू नका, राव. तुम्हीपण तापलेले आहात. निवल्यावर काय वाटतं ते बघा, मग विका हवं तर."

उद्धवरावांनी आबाजींकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली. मला टेम्पोत घालून कासारवाडीला अन्वरभाईंच्या गॅरेजात नेले.

आणि आता ऐका गंमत! माझा नवा पिस्टन दोनच दिवसांत, शनिवारी आला. अन्वरभाईंनी तो कागदात गुंडाळलेला तसाच फळीवर ठेवून दिला, माझ्या डोळ्यांसमोर. तेवढ्यात इंदुताई चौकशीला आल्या. अन्वरभाईंनी त्यांना पुडके दाखवले आणि विचारले, काय करू? इंदुताईंनी क्षणभर विचार केला. "चार गुरुवार असू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "घरी बसा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. इंजिनच नाही म्हटल्यावर बसतील."

पहिल्या गुरुवारी उद्धवराव घरी बसलेच नाहीत. सकाळीच गॅरेजात येऊन अन्वरभाईंशी भांडले. पार्ट कधी येणार, कंपनीला मी काय तोंड दाखवू? भांडता भांडता बाकावर टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. दुपारी तीन वाजता उठले. शेजारून लोकलगाड्या धडाडत गेल्या, तरी त्यांना जाग आली नाही!

दुसऱ्या गुरुवारी खंडूने त्यांना गावात कबड्डीचा सामना बघायला नेले. तिथे काय झाले ते खंडूनेच गॅरेजात येऊन सांगितले. मालक आधी घड्याळाकडं बघत व्हते, म्हणाला, आन् नंतर पंचाशीच भांडायला लागले. मला इतका आनंद झाला, की पिस्टन जागेवर असता तर मी आपोआप सुरू झाले असते.

ते एका दमात बरे झाले असे समजू नका. मधेच एक दिवस ते पुन्हा गप्प झाले, जेवले नाहीत. पण त्यांनी दोन कामे केली, जी चार वर्षांत केली नव्हती. ते कंपनीत गेले आणि एवढा माल माझ्याच्याने होत नाही, असे स्पष्ट सांगितले. साहेब रागावले, अर्धे काम दुसऱ्या शेडला गेले, आणि आभाळ काही कोसळले नाही. दुसरे म्हणजे त्यांनी शेडची एक किल्ली आणि मापाची पेटी खंडूकडे सोपवली. खंडू म्हणे ती पेटी दोन दिवस घरी देवाजवळ ठेवून होता.

चौथ्या गुरुवारी उद्धवराव गॅरेजात हात पुसायला चिंधी शोधत होते आणि फळीवरचे पुडके त्यांच्या हाती लागले. कागदावर पार्ट आल्याची तारीख होती. अन्वरभाई पाना हातात धरून तसेच उभे राहिले.

उद्धवरावांनी तारीख दोनदा वाचली. आणि ते हसले! बाक धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आमच्या हिला सामील करून घेतलं असणार तुम्ही," ते म्हणाले. "बसवा आता तो. बिचारं किती दिवस उघडं पडलंय."

महिना संपला. मी नव्या पिस्टनसह शेडमध्ये परत आले आणि त्याच दिवशी आबाजी उत्तर घ्यायला आले. उद्धवराव म्हणाले, शेड विकायची नाही. आता विकायचे आहे ते इंजिन. खंडू चमकला. मीही चमकले. इतके ठणठणीत असताना मला विकायचे?

"यंत्र चांगलं आहे," उद्धवराव खंडूला समजावत म्हणाले. "पण ते इथं असलं की मला गुरुवार दिसत नाही. मी माझा मला ओळखतो."

आबाजी लगेच पुढे झाले. म्हणाले, "मग इंजिन मला द्या. आत्ता नेतो."

उद्धवरावांनी माझ्याकडे पाहिले, मग आबाजींच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिले.

"तुम्हाला नाही देणार," ते म्हणाले. "बसा, आबाजी. आधी चहा घ्या. शेवटची सुट्टी कधी घेतली होती, ते सांगा."

मित्रांनो, आबाजींना ते आठवेना. तो चहा दोन तास चालला. मला पुढे चाकणच्या एका कांदेवाल्या शेतकऱ्याने नेले. त्याची चार महिन्यांची पाणीपाळी संपली की मी आठ महिने ताडपत्रीखाली असते. मला विकले म्हणून आधी फार वाईट वाटले, हे खोटे कशाला बोलू? पण खरे कौतुकाचे काम मी चालू असताना केले नाही, बंद पडले तेव्हा केले. तुमच्या घरात कोणी दुकान, गिरणी, शेड चालवत असेल, तर त्यांच्या यंत्रांची काळजी ते घेतातच. त्यांची काळजी तुम्ही घ्या. आठवड्यातला एक दिवस त्यांच्याकडून हट्टाने मागून घ्या. ते चिडतील, कामाची यादी वाचून दाखवतील, तुम्हाला काही कळत नाही म्हणतील. तुम्ही अजिबात मागे हटू नका, आणि त्यासाठी एखादे पुडके चार आठवडे लपवावे लागले, तर खुशाल लपवा!