रंग चढला की तोड

इंदूबाई उमरेडच्या एस.टी.तून उतरून मनीषनगरात भावाच्या, भैयाजींच्या दारी आली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एका हातात कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा, दुसऱ्या हातात फ्लॅटचा कागद. भैयाजींच्याच गल्लीच्या टोकाला दोन खोल्या, पंचवीस लाख. मालक शनिवारपर्यंत थांबणार होता. सुनेच्या घरात आठ वर्षं अंग चोरून काढल्यावर इंदूबाईला आता स्वतःचा ओटा हवा होता.

भैयाजींनी डबा घेतला, पण उघडला नाही.

आठ वर्षांपूर्वी इंदूबाईचा नवरा गेला. खाणीतल्या नोकरीचे बारा लाख हाती आले. बँकेतली बाई म्हणाली, पन्नास मोठ्या कंपन्या थोड्याथोड्या घेणाऱ्या फंडात टाका आणि विसरून जा. भैयाजी तेव्हा खूप हसले होते. "न पाहता सगळंच घ्याचं? हे तं आंधळ्याची खरेदी झाली वं इंदू! मी पाहून देतो निवडून."

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? चाळीस वर्षं भैयाजींनी संत्र्याचा धंदा केला. बगीच्यात एक चक्कर मारून किती गाड्या माल निघेल ते सांगायचे आणि पेटीभराचाही फरक पडायचा नाही. शेअरही त्यांनी तसेच पारखून घेतले. खातं इंदूबाईचं, मोबाईल भैयाजींचा. विकायची वेळ आली की तिच्या फोनवर परवानगीचे सहा आकडे येत, ती उमरेडहून ते वाचून दाखवी.

पारख खोटी नव्हती. रंग बनवणारी कंपनी त्यांनी घेतली, ती दीडपट झाली. औषधांची घेतली, तीही चढली. पण संत्र्यावर रंग चढला की भैयाजींचा हात थांबत नसे. पिकला माल झाडावर ठेवणारा मूर्ख, गळ झाली की रडतो. म्हणून चढलेला प्रत्येक शेअर त्यांनी तोडला. आणि जे पडले, साखरेचा, विजेचा, आणखी दोन, ते ठेवले. हिरवं फळ कोणी तोडतं का?

काल ते बँकेत जाऊन आले होते. त्या फंडात बाराचे अठ्ठावीस झाले असते.

"का गा दादा, चेहरा काहून उतरला?" इंदूबाईनं विचारलं. "पैसे किती होतात ते तं सांग."

"तेरा लाख चाळीस."

ती हसली. "मस्करी नोको करू."

भैयाजी खाली पाहत राहिले. स्वयंपाकघरातून भैयाजींच्या बायको शोभाताई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

"ते रंगवाली कंपनी?" इंदूबाईचा आवाज बारीक झाला. "मी म्हटलं होतं तुले, राहू दे. आकडे सांगताना म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही. त्याच्यानंतर ते तिप्पट झाली."

"अन् साखरवाली?"

"आहे."

"म्हणजे चांगले तोडले अन् सडके जपले?"

"फळ समजलो वं मी," भैयाजी म्हणाले. "ते झाडं होते, इंदू. मी झाडं विकले."

इंदूबाईनं कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. शोभाताई हळूच म्हणाल्या, "वन्सं, वरची खोली रिकामीच आहे. तुमचीच समजा."

"आधी सासूचं, मग सुनेचं, दोन घरं झाले वहिनी दुसऱ्याचे. तिसरं नोको." मग ती भावाकडे वळली. "विक. चारही. माझ्या समोर."

भैयाजींनी मोबाईल उघडला. साखरेचा भाव आज दोन रुपयांनी वर होता. बोट तिथंच थांबलं. "इंदू, हा आता उठून राहिला. आठ-पंधरा दिवस पाहू का?"

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्यांनी चारही शेअर विकायला टाकले. इंदूबाईचा फोन वाजला, तिनं चष्मा चढवला आणि आकडे वाचले, उमरेडहून वाचायची तसेच, एकेक करून. शेवटच्या आकड्याला तिचा आवाज ओला झाला. भैयाजींनी बटण दाबलं.

चारच्या गाडीला ते तिला सोडायला गेले. ती खिडकीशी बसली.

"फंडाच्या त्या बाईचं नाव लिहून देजो," ती म्हणाली. "अन् फोन नोको करू तिले. मी करतो."

गाडी गेली. भैयाजी घरी आले, डबा उघडला. वड्या गार झाल्या होत्या. एक तोंडात घातली. खिशातून मोबाईल काढून त्यांनी साखरेचा भाव पाहिला. तो शेअर आता त्यांचा नव्हता, तिचाही नव्हता. तरी पाहिला.