धोंडामायने लावलेली तार

मी एक जुनी वीणा आहे. तुमच्या पुस्तकातल्या चित्रात सरस्वतीच्या मांडीवर असते ती थाटाची वीणा मी नव्हे, बरं का! माझ्याजवळ एक भोपळा, एक लांब दांडी, एक खुंटी आणि एकच तार. गावाकडच्या भजनात माणसे उभ्याने गळ्यात अडकवतात, ती मी. मुखेडकडचे लोक मला ‘इना’ म्हणतात आणि मला तेच नाव आवडते. गेले वर्षभर माझा मुक्काम लातूरला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, काचेच्या कपाटात होता. डोक्यावर दिवा होता, गळ्यात हार होता. पाहुणे मला बघून ‘वा!’ म्हणायचे. मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटायचे.

मिरजेच्या एका कारागिराने मला घडवले आणि धोंडाबाईच्या वडिलांनी मला घरी आणले. ते वारले तेव्हा शेताच्या वाटणीला भाऊ जमले. धोंडाबाईने कागदावर अंगठा उठवला आणि म्हणाली, “रान तुमाला ऱ्हाऊ द्या. मला बाबाची इना द्या.” भावांना हसू आले. रिकामी पिशवी द्यावी तसे मला तिच्या हातात देऊन ते मोकळे झाले. मला त्याचा राग आला होता. अजूनही आहे, खरे सांगायचे तर. पण एसटीत तिने मला मांडीवरून खाली ठेवले नाही, आणि मग मला भावांची आठवण फारशी आली नाही.

तिच्या सासरच्या गावी चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री नाम थांबू द्यायचे नाही आणि वीणा जमिनीवर टेकू द्यायची नाही, असा तिथला नेम. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने पाया पडायचे आणि माझी दोरी त्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात घ्यायची. पूर्वी हे सारे पुरुषच करीत. पण दुपारची पंगत उठली की त्यांचे डोळे मिटायला लागत आणि माझ्यावरचे बोट अडखळे. धोंडाबाई एकदा सरळ पुढे आली. “दुपारचा पहारा आमी बाया धरताव. तुमी निजा निवांत.” तेव्हापासून दुपार तिची झाली. लोक तिला धोंडामाय म्हणू लागले.

ती मारुतीची भक्त होती, पण त्याच्याशी भांडायचीही. आदल्या साली पावसाने ओढ दिली असेल, तर माझी तार जरा जोरातच छेडायची. नवरा गेला त्या वर्षी तिने पहारा चुकवला नाही, फक्त तोंडातून शब्द काढला नाही. सबंध दुपार नुसती तार वाजवीत उभी राहिली. तिच्या छातीची धडधड माझ्या भोपळ्याला कळत होती. तितके जवळ मला पुन्हा कुणी धरले नाही.

सप्ताह उठला की ती एक काम कधी विसरत नसे. मला घरी आणायची, खुंटी उलटी फिरवून तार ढिली करायची आणि म्हणायची, “लई उभी ऱ्हायलीस बाई. नीज आता.” ताणलेली तार रात्रंदिवस दांडीला ओढत असते. ती सोडली नाही तर दांडी वाकते. पुढे हे काम तिने नातीला, स्वप्नालीला शिकवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पोर यायची, आजीच्या शेजारी उभी राहायची आणि शेवटच्या दिवशी जीभ बाहेर काढून खुंटी फिरवायची.

मागच्या वर्षी धोंडामायने नेहमीप्रमाणे मला सुरात लावले. पण पहाऱ्यावर असतानाच तिच्या छातीत कळ आली. बाया ओरडल्या, “माय, खाली बसा!” ती भिंतीला टेकली, पण बसली नाही. “आधी इना घ्या,” म्हणाली. कुणीतरी मला घेतले, तेव्हाच ती खाली बसली. तिला दवाखान्यात नेले, पण ती परत आली नाही.

त्या गडबडीत माझी तार कुणी सोडली नाही. तिचे दिवसकार्य झाल्यावर तिचा मुलगा उद्धव मला लातूरला घेऊन आला. स्वप्नालीने मला छातीशी धरले आणि घरात सगळ्यांना बजावले, “ही तार आजीनं लावलेली हाय. खुंटीला कुणी हात लावायचा न्हाई.” उद्धवने काचेचे कपाट करून घेतले. मित्रांनो, पोरीची माया मला कळत होती. पण मी वाकत होते. दिव्याच्या उबेने भोपळा सुकत होता. जिने खुंटी फिरवायची, तीच पहाऱ्याला बसली होती आणि मला तर बोलता येत नाही.

यंदा चैत्र जवळ आला तसा गावाहून फोन आला. धोंडामायची इना सप्ताहाला पाहिजे होती.

“देऊन टाकू,” उद्धव म्हणाला. “आईला तेच आवडलं असतं.”

“न्हाई, पप्पा. ते लोक तार नव्यानं लावतील. आजीचा सूर जाईल.”

स्वप्नालीची आई, उज्ज्वला, भाजी निवडत होती. ती हळूच म्हणाली, “वर्ष झालं. तो सूर तू एकदा तरी ऐकलास का?”

 संध्याकाळी स्वप्नालीने कपाट उघडले, हार काढला आणि माझी दोरी गळ्यात घातली. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिने तार छेडली. माझ्यातून बसका, खरखरता आवाज आला. तिने पुन्हा छेडली.

“मम्मी, हा आजीचा सूर न्हाई.”

उज्ज्वला हात पुसत आली. स्वप्नालीने मला कपाटाच्या सरळ कडेला लावून पाहिले आणि तिला माझ्या दांडीचा बाक दिसला.  “मला ठाऊक होतं, मम्मी. आजीनंच शिकवलं होतं. पण खुंटी फिरवली की आजी गेली, असं वाटायचं.” मग ती खूप रडली. मलाही रडता आले असते तर बरे झाले असते.

मी यंदा सप्ताहाला गेले नाही. गावाने दुसरी वीणा आणली. आता मला मिरजेला कारागिराकडे नेणार आहेत. बाक निघेल की नाही, कुणी सांगावे? मित्रांनो, तुमच्या आजीची एखादी वस्तू घरात असेल तर तिला काचेआड ठेवू नका. आजी तिच्याशी जशी वागायची, तसेच तुम्ही वागा.

त्या संध्याकाळी रडणे ओसरल्यावर स्वप्नालीने डोळे पुसले आणि खुंटी उलटी फिरवली. वर्षभराची ओढ सुटली. मला गोधडीवर आडवे करून ती म्हणाली, “नीज आता.” माझ्या खुंटीला शेवटचा हात धोंडामायचा होता. आता तो स्वप्नालीचा आहे.