मांड्यांचा गुन्हा

दर रविवारी सकाळी या घरात न्यायालय भरत असे.

न्यायाधीश: सासरे, निवृत्त गणित शिक्षक. पुरावा: वजनकाटा. आरोपी: सून.

सासूबाई आकडा वाचत, नवरा वर्तमानपत्रामागून हसे. शिक्षा ठरलेली, आठवडाभर अर्धं ताट. चौदा वर्षं सून अर्धपोटी शिवणयंत्र चालवत होती. गालफडं बसली, गळ्याची हाडं वर आली. मांड्या तसूभरही कमी झाल्या नाहीत. कंबरेखाली जणू दुसऱ्याच लठ्ठ बाईचं शरीर, घोट्याशी एकदम थांबलेलं, पुढे सडपातळ पावलं. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी काळंनिळं होई. चोरून खाते, असा घराचा निष्कर्ष होता. काय खाते, हे मात्र एवढ्या हुशार मंडळींना कधी सापडलं नाही.

शेवटी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी मांडी हलकेच दाबली आणि ती कळवळली. मग बाईंनी समजावून सांगितलं: हा लिपेडिमा, कंबरेखाली, पायांत चरबी साठण्याचा जुनाट आजार. बहुतेक बायकांनाच होतो, पुष्कळदा वयात येताना सुरू होतो, घराण्यातून येऊ शकतो. उपाशी राहून ही चरबी उतरत नाही. पाय घट्ट आवळून धरणारे दाबमोजे, चालणं, पोहणं यांनी दुखणं आटोक्यात ठेवता येतं.

तिने घरी सगळं सांगितलं. गणितज्ञांनी चष्मा पुसला.

"आळसालाही आता नाव मिळालं म्हणायचं."

नवऱ्याला भलताच विनोद वाटला. त्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत येई. पण त्याला काट्यावर उभं करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी तेरा वर्षांच्या नातीला हाक मारली. "ये गं, आजपासून तूही काट्यावर चढ. कंबरेखाली आईवरच चाललीयेस." मुलगी फ्रॉक गुडघ्यांखाली ओढत उभी राहिली. तिचं अर्धं ताट आधीच वाढून तयार होतं.

सुनेने लेकीचा हात धरला आणि सासूबाईंना सांगितलं,

"ती चढणार नाही, आई. आणि मीही नाही."

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने वर्तमानपत्राकडे. मग सासरे म्हणाले, "या घरात राहायचं असेल तर…"

"मग नाही राहायचं, बाबा. माझं शिवणयंत्र मला उचलून नेता येतं."

तिने लेकीला पोटभर वाढलं आणि शेजारी स्वतःचं ताट घेतलं. मुलीने घास उचलला, आणि तोंडात घालण्याआधी एकेकाचा चेहरा पाहून घेतला.

तुमच्या घरातली मुलगी जेवताना कुणाकडे बघते?