वर सोडलेली गोळी

"आजी, तुमच्या घरात आहे का हो हत्यार?"

थर्मासमधली कॉफी कपात ओतता ओतता त्या बाईने सहज विचारलं. राजधानीत, पॉडगोरित्सात, सरकारी कचेरीसमोर दर शनिवारी माणसं जमायची, त्यांतली ती एक. तिचा नवरा खानावळीतल्या गोळीबारात गेला होता. विदोसावा शेजारीच उभी होती, नातीचा फोटो छातीशी धरून. कायदा कडक करा, घराघरातली हत्यारं बाहेर काढा, एकेक तपासा, असं ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

"नाही," विदोसावा म्हणाली.

कॉफीचा कप तिने तसाच भरलेला परत दिला.

गेल्या सप्टेंबरात गावात क्रस्तोच्या मुलाचं लग्न होतं. आमच्या डोंगरात नवरी दाराबाहेर आली की पुरुष पिस्तुलं काढून आभाळात गोळ्या सोडतात. आभाळात सोडलेली गोळी आभाळातच राहते, अशी या शहाण्यांची समजूत असावी. विदोसावाची सात वर्षांची नात तियाना कुंपणाच्या भिंतीवर बसून अंजीर सोलत होती. ती खाली घसरली तेव्हा पोरीचा तोल गेला असंच सगळ्यांना वाटलं. दोघं-तिघं हसलेसुद्धा.

पोलिसांना गोळी सापडली, पिस्तूल सापडलं नाही. एकही नाही. घटकाभरापूर्वी वर असलेले सगळे हात गपकन खिशात गेले होते. जो तो म्हणाला, मी टाळ्या वाजवत होतो. क्रस्तो तेच म्हणाला. बाप्तिस्म्याला त्यानेच तियानाला पाण्यावर धरलं होतं, तिचा धर्मपिता होता तो. आणि ब्लागोता, विदोसावाचा नवरा, तोही तेच म्हणाला.

विदोसावा तर तेव्हा त्याच्या शेजारीच उभी होती. त्याच्या बापाचं पिस्तूल तिच्या कानाशी वाजलं होतं आणि कानात दडे बसले म्हणून तिने त्याला हसत ढोसलंही होतं. दुसऱ्या दिवशी कपाटात पिस्तूल नव्हतं. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मुलगा, तियानाचा बाप, दफनानंतर समुद्राकाठी कामाला निघून गेला. जाताना एवढंच विचारलं, "गोळी कुणाची होती?" तेव्हापासून त्याने गावात पाऊल ठेवलं नाही.

त्या शनिवारी ती घरी आली तेव्हा ब्लागोता धुराच्या खोलीत टांगलेलं मांस उलटंपालटं करत होता. कोट न काढता ती दारात उभी राहिली.

"कुठंय?"

"काय कुठंय?"

"आज मी चार लोकांत खोटं बोलले. तुझ्यापायी. कुठं ठेवलंयस ते?"

त्याने आधी हात पुसले. मग वर तुळईमागे हात घातला आणि काजळीने माखलेली पिशवी काढली. इतके महिने ती रोज त्या तुळईखालून ये-जा करत होती.

"तपासायला दिलं आणि गोळी माझीच निघाली तर?" त्याने विचारलं.

"तर तुझी निघेल."

"मग तू काय करशील?"

"मला ठाऊक नाही, ब्लागोता. पण हे असं न कळता तुला जेवायला वाढणं माझ्याच्याने होत नाही आता. भाकरी मोडते आणि तुझ्या हाताकडे बघत बसते."

तो ओंडक्यावर बसला. "मीही त्याच्याकडेच बघत असतो," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी दोघं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली. सरकारने महिनाभराची सवलत दिली होती: हत्यार आणा, ठेवा, जा. टेबलापलीकडचा हवालदार तरुण होता आणि स्वभावाने बरा होता. काडतुसं काढून घेत म्हणाला, "शाब्बास आजोबा. झालं. ना नाव, ना गाव. टाकतो पेटीत."

ब्लागोताने पिस्तुलावर पालथा हात ठेवला. "पेटीत नको. तपासा. आमच्या तियानाला लागलेली गोळी तुमच्याकडे आहे. ती याची आहे का, सांगा मला."

हवालदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग फोटो धरलेल्या विदोसावाकडे. त्याला ओळख पटली.

"आजोबा, सवलतीत आलेलं हत्यार तपासायचं नसतं, वितळवायचं असतं. तसा नियमच आहे. तपासायला लागलो तर आणून देईल कोण?"

"म्हणजे ज्याने पोरगी मारली तोही इथं ठेवून जाणार," विदोसावा म्हणाली, "आणि तुम्ही त्याला शाब्बास म्हणणार."

हवालदाराचे कान लाल झाले. "तुम्ही गुन्हा कबूल करताय का, आजोबा? तसं असेल तर वेगळं."

"मला ठाऊकच नाही, तर कबूल काय करू?"

"मग सरकारी वकिलांना विचारावं लागेल. ते उद्या येतात."

"बसतो आम्ही."

"इथं?"

"मग काय लग्नाला जाऊ?" ब्लागोता म्हणाला.

हवालदाराने पिस्तूल पेटीत टाकलं नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर कागद अंथरून त्याने ते वेगळं ठेवलं. दोघं दाराजवळच्या बाकावर बसली. मधे त्यांनी फोटो ठेवला.

दुपारपर्यंत बातमी गावात पोचली आणि क्रस्तो गाडी हाकत आला. दारातूनच त्याने तोंड सोडलं.

"डोकं फिरलं का तुझं? तुझी नाही निघाली की मग आमच्या दारात येतील!"

"यावंच," ब्लागोता म्हणाला.

"सगळा गाव अडकवशील."

"गाव अडकलेलाच आहे, क्रस्तो. तुला झोप लागते का?"

क्रस्तो विदोसावाकडे वळला. त्या लग्नापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. "तू तरी सांग याला. पोर काही परत यायची नाही."

"माझा मुलगा येईल," ती म्हणाली. "त्याला एवढंच हवंय. बाकी तुमची इभ्रत तुम्ही पुरून ठेवा, जिथं पिस्तुलं पुरलीत तिथं."

तो निघून गेला. गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. ब्लागोता जमिनीकडे बघत राहिला. विदोसावाला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी रागही आला. दोन्ही इतकं एकत्र आलं की कुठलं काय ते तिला वेगळं करता येईना. तिने पिशवीतून भाकरी आणि चीज काढलं. भाकरी मोडून एक तुकडा त्याच्या हातात ठेवला, आणि आज ती त्या हाताकडे बघत बसली नाही.

हवालदार दिवा लावत होता तेव्हा दार उघडलं. क्रस्तो होता. त्याच्या बुटांना आणि नखांना ओली माती लागली होती आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हवालदार उठून म्हणाला, "ठेवा इथे, काका. ना नाव, ना गाव."

"नाव क्रस्तो," तो म्हणाला. टॉवेल त्याने टेबलावर ठेवला, दुसऱ्या पिस्तुलाच्या शेजारी. "मी चार सोडल्या होत्या. हेही तपासा."

मग तो बाकापाशी येऊन उभा राहिला. बाक लहान होता.

"सरका जरा," तो खाली बघत म्हणाला.

ब्लागोता सरकला. विदोसावाने तियानाचा फोटो उचलून मांडीवर घेतला आणि त्याला जागा करून दिली.