पाच प्राण्यांचा मफलर

मित्रांनो, मी एक जुना मफलर आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या एका टोकाला कसर लागली आहे आणि दुसऱ्या टोकाची झालर कधीच झडून गेली आहे. लोकरीच्या दुकानातल्या सगळ्यांत खालच्या खणात मी घडी होऊन पडलेला असतो. पण एके काळी मला गळ्यात घालून बघितल्याशिवाय या दुकानातून कुणी लोकरीचा एक गुंडासुद्धा नेत नसे.

दुकानाच्या मालकिणीला लहानथोर सगळे मावशीच म्हणत. गिऱ्हाइकं यायची, गुंडे दाबून दाबून बघायची आणि पांढरी लोकर आठ दिवसांत मळकट करून ठेवायची. शेवटी मावशी वैतागली. उरलेसुरले गुंडे घेऊन बसली आणि तिनं मला विणलं. वीतभर मेंढी, वीतभर उंट, वीतभर याक, मग जिच्या लोकरीच्या तलम शाली होतात ती बकरी, आणि शेवटी वीतभर ससा. दोन जावांचं एका घरात पटता पटत नाही, इथे तर एका अंगात पाच जण नांदायचे होते.

मावशीचा एक नियम होता. लोकर बोटांनी बघायची नाही, मानेनं बघायची. “भांडी घासून घासून बोटं राठ झालेली असतात, त्यांना काय कळतंय?” असं म्हणून ती मला थेट गळ्यात टाकायची आणि हळूहळू सरकवायची. शिवाय तीन प्रश्न विचारायची. कोण घालणार? घालून काय करणार? धुणार कोण? उत्तरं पटली तरच गुंडा कागदात बांधला जायचा.

मेंढीचा भाग मानेला लागला की लोक खांदे उडवायचे. “ई, टोचतंय!” उंट आणि याक यांना सगळे “बरं आहे” म्हणायचे. बकरीपाशी आले की गप्प व्हायचे. आणि ससा लागला की डोळेच मिटायचे. “अहाहा, काय मऊ!” हे रोज ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो. खरं सांगतो, मला माझ्या मेंढीच्या टोकाची लाज वाटायची. ते कापून टाकलं तर किती बरं होईल, असंही मनात यायचं.

एका थंडीत पोस्टाच्या खिडकीवर बसणारी ताई दुकानात आली. तिचे बाबा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते. फळांच्या पेट्या ट्रकमधून उतरवायच्या आणि बर्फासारख्या गार खोलीत रचायच्या, असं त्यांचं काम. आदल्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला होता. पुन्हा झाला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण घरी बसतील तर ते बाबा कसले!

ताईनं मला गळ्यात घातलं आणि सशापाशी येऊन थांबली. “हीच लोकर द्या. जगात सगळ्यात ऊबदार असेल ते मला बाबांसाठी हवंय.”

“ऊबदार आहेच,” मावशी म्हणाली. “पण बसून राहणाऱ्यासाठी. बाबांना कामात घाम येतो का?”

“मावशी, तिथे दात वाजतात. घाम कसला येतोय?”

मावशी एरवी हटून बसली असती. पण ताईचे डोळे भरून आले होते आणि मावशीनं गुंडे बांधून दिले. मी तर खूश होतो. माझ्याच लाडक्या सशाची निवड झाली होती ना!

दोन महिन्यांनी ताई परत आली ती बाबांना हाताला धरूनच. बाबा खोकत होते. तिनं विणलेला पांढराशुभ्र स्वेटर त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता.

“विचारा यांना!” ताई म्हणाली. “घरातून घालून निघतात आणि कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी काढून ठेवतात. शर्टावर काम करतात, नुसत्या शर्टावर! यांच्याबरोबर काम करणाऱ्या काकांनी सांगितलं म्हणून मला कळलं.”

“अगं, छान आहे गं स्वेटर,” बाबा म्हणाले. “फार छान आहे. खराब होऊ नये म्हणून जपतो.”

मावशीनं मला खुंटीवरून काढलं आणि त्यांच्या गळ्यात टाकलं. “भाऊ, पाच दिवस हा घालून कामाला जा. रोज एक भाग मानेला. शनिवारी येऊन सांगा, आणि खरं सांगा. मफलरला काही वाईट वाटत नाही.”

मला वाटतं हो मित्रांनो, पण मला कोण विचारतो!

पहिल्या दिवशी बाबांनी सशाचा भाग मानेला लावला. मी ऐटीत होतो. दहा पेट्या उचलेपर्यंत त्यांची मान घामानं थबथबली. माझे मऊ केस सुटून त्यांच्या नाकात जायला लागले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मग ते गार खोलीत शिरले. ओला ससा चपटा होऊन मानेला चिकटला आणि गारठला. ज्याच्यावर मी एवढा फुशारलो होतो, तोच त्या माणसाच्या जिवावर उठला होता. मला रडू आलं असतं, पण आधीच ओला होतो.

बकरीच्या भागाला दुसऱ्याच दिवशी पेटीचा खिळा लागला आणि धागा ओढला गेला. बिचारी नाजूक, तिला हमालीची सवय कुठली! याकनं आणि उंटानं आपापला दिवस चांगला काढला. पण त्यांचे स्वेटरभर गुंडे मावशीकडे कधीच नसत.

पाचव्या दिवशी मेंढी. सकाळी बाबांनी चार वेळा मान खाजवली. मग घाम आला, मेंढीनं तो मुकाट्यानं पिऊन घेतला. बाबा गार खोलीत गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. मी ओला होतो आणि तरीही ऊबदार होतो. माझं मलाच नवल वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाबा मी गळ्यात आहे हे विसरूनच गेले होते.

शनिवारी त्यांनी मावशीला आणि ताईला सगळं सांगितलं, पांढरा स्वेटर फाटकाशी का काढून ठेवायचे तेही.

“मग आधीच का नाही बोललात?” ताईनं विचारलं.

“तू एवढं जीव लावून विणलंस. नको कसं म्हणू?”

“भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही, भाऊ,” मावशी म्हणाली. मग स्वतःच्या कानाची पाळी धरली. “चुकलं माझंही. मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं.”

ताई मात्र एवढंच म्हणाली, “बाबा, तुमच्या त्या ‘छान’पायी मी तुम्हाला गमावून बसले असते.” बाबांनी मान खाली घातली. पांढरा स्वेटर ताईनं स्वतःसाठी ठेवला. पोस्टाच्या खिडकीत बसल्या जागी तो उत्तम चालला.

महिन्याभरानं दोघं पुन्हा आले. बाबांच्या अंगात मेंढीच्या लोकरीचा जाडजूड करडा स्वेटर होता आणि खोकला थांबला होता. ताईनं मावशीसमोरच विचारलं, “बाबा, टोचतंय का?”

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. मावशीकडे बघितलं.

“टोचतंय,” ते म्हणाले.

“कुठे?”

“इथे. मानेला.”

ताई एवढी हसली की तिचे डोळे वाहायला लागले. तिनं तिथेच स्वेटर काढून घेतला, गळ्याची वीण उसवली, बकरीच्या लोकरीचा एक गुंडा मागितला आणि स्टुलावर बसून गळा विणायला घेतला. बाबा मावशीची शाल पांघरून तिच्याशेजारी बसून राहिले. अधूनमधून ती गळा त्यांच्या मानेला लावायची आणि विचारायची, आणि बाबा खरं सांगायचे.

आता माझ्यातला ससा कसरीनं खाल्ला आहे. यंत्रावरचे स्वेटर आले, मला कुणी गळ्यात घालत नाही. तुमच्या घरी लोकरीचं काही असेल तर ते गार पाण्यात धुवा, पिळू नका, वर्षातून दोनदा ऊन दाखवा. आणि तुमच्यासाठी राबणारं घरातलं कुणी “छान आहे, छान आहे” म्हणत असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. जवळ जा, कॉलर बाजूला करा आणि त्यांची मान लाल झाली आहे का, ते एकदा बघा.