दिवाळीपासून उभी गाडी

कडी पहिली

आनंदा सावंतांनी चेनकव्हरचा शेवटचा स्क्रू काढला आणि आत न बघताच दुःखी चेहरा करून मान हलवली. हा चेहरा त्यांनी सकाळी आरशात दोनदा करून पाहिला होता.

"गेली! चेन गेली, दोन्ही चक्रांचे दात गेले. सत्तावीस वर्षांची गाडी. हिचा माल आता कुठे मिळायला?"

वरच्या गॅलरीत अंबिका नऊवारी वाळत घालत होती. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांत तिने नाव दिलं होतं, नवऱ्याला न विचारता. आणि यादी फणसवाडीच्या फळ्यावर लागलीसुद्धा होती. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. म्हणून चेन गेल्याचं निमित्त. अंबिका पडेल ही एक धास्ती, गाडी पडेल ही दुसरी. यातली मोठी कुठली, ते आनंदांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"आणि मिळाला तर?" अंबिकाने वरून विचारलं.

"मिळाला तर चालव की! मी कशाला अडवू?"

तेवढ्यात कॉनरॅड आला. तीस वर्षांचा दोस्त, धंद्याने मेकॅनिक. त्याने लादीवर पुडकं ठेवलं.

"फुल सेट, मॅन. चेन, पुढचं चक्र, मागचं चक्र. लोअर परळला एकाच्या माळ्यावर पडला होता."

आनंदांचा चेहरा पुन्हा दुःखी झाला. या खेपेला आरसा लागला नाही.

कडी चाळिसावी

जुनी चेन हातात आली तेव्हा ते गंजाची वाट बघत होते. गाडी दिवाळीपासून ताडपत्रीखाली उभी. दर मंगळवारी प्रभादेवीला गणपतीला जायचं, तेही बसने. समुद्र हाकेवर, एवढ्या दिवसांत चेनीचा नुसता चुरा व्हायला हवा होता.

चेन चकचकत होती. वर ताजं ग्रीस.

आनंदांनी टाकीचं झाकण उघडलं. दिवाळीला निम्मी होती. आता काठोकाठ.

कॉनरॅड गंभीरपणे आभाळाकडे बघायला लागला.

"कॉनरॅड."

"बोल."

"कोणी शिकवलं?"

"मला काय विचारतो? मी फक्त मागे बसलो."

"कधी?"

"मंगळवारी. तुझी बस गेली की."

अंबिका चहा घेऊन खाली आली. पायात चौपाटीवर फिरायला म्हणून घेतलेले पांढरे बूट. डाव्या बुटाच्या नाकावर काळा डाग, गिअरच्या दांडीएवढा. उजवा स्वच्छ.

"मिळाला ना माल?" तिने विचारलं.

"मिळाला," आनंदा बुटाला म्हणाले.

लॉकची कडी

नवी चेन दोन कड्या लांब होती, ती कापली. दोन टोकं जोडणारं लॉक बसवलं. काम संपलं तरी आनंदा उठले नाहीत. त्यांनी पाना घेतला, क्लचची दांडी हँडलच्या जवळ आणली, तार थोडी सैल केली, दाबून पाहिली, आणखी जवळ आणली.

"एवढी जवळ? तुझा पंजा केवढा, मॅन?"

"तोंड बंद कर आणि तो कपडा दे."

कापून उरलेल्या दोन कड्या

मंगळवारी त्यांनी चपला घातल्या.

"आज रांग मोठी असणार. दोन तास जास्तच धर."

"आज? साधा तर मंगळवार आहे," अंबिका म्हणाली.

"असला म्हणून काय झालं? लोकांना भक्ती असते."

ते वाडीच्या तोंडाशी, रसवाल्याच्या चरकाआड जाऊन उभे राहिले. खिशात उरलेल्या दोन कड्या होत्या. त्या बोटांनी फिरवत राहिले. प्रभादेवीची बस आली, थांबली, गेली.

मग आतून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पहिला गिअर, जरा घाईचा. दुसरा. मग गाडी चरकासमोरून रस्त्याला लागली, लांब जाऊ लागली आणि इंजिन तिसऱ्यासाठी ओरडू लागलं. ओरडतच राहिलं.

"टाक, टाक," आनंदा पुटपुटले, आणि फुटपाथवर त्यांचा डावा पाय आपोआप हलला.